चारच्या आत मावळणारा दिवस



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर रुग्णाच्या खोलीत शिरले की नाडी बघण्याआधी खिडकी उघडायला लावत, असं मला निमंत्रण देताना कार्यकर्त्यांनी सांगितलं. विषय निवडताना ती आठवण माझ्या मनात होती. कोविडच्या साथीच्या काळातला एक हिवाळा आणि त्यात माणसांनी आपलं मन कसं सांभाळलं, याबद्दल मी बोलणार आहे. हिवाळा इंग्लंडमधला आहे, 2020-21 सालचा. त्या देशाच्या उत्तर भागात मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करत होतो. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये इंग्रज, पाकिस्तानी, पोलिश माणसं होती, तशी आपली मराठी माणसंही होती.

मार्चमध्ये पहिली टाळेबंदी लागली तेव्हा तिथे वसंत ऋतू होता. त्या वर्षीचा मे महिना ब्रिटनच्या नोंदींमधला सर्वांत लख्ख उन्हाचा महिना ठरला. लोक गुरुवारी रात्री आठ वाजता दारात उभे राहून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवत. भीती खूप होती, पण संध्याकाळी आठलाही उजेड असे आणि समोरच्या दारात उभा असलेला माणूस दिसे. खरी परीक्षा नंतर आली. 5 नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये दुसरी टाळेबंदी सुरू झाली ती 2 डिसेंबरपर्यंत चालली. लक्ष्मीपूजन 14 नोव्हेंबरला होतं, म्हणजे अख्खी दिवाळी तिच्यात सापडली. फराळाचे डबे दाराबाहेर ठेवून, बेल वाजवून, चार पावलं मागे सरून लोकांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. मग नाताळची आशा लावली गेली. पाच दिवस सवलत मिळेल, घरं एकत्र येतील, असं सरकारने सांगितलं होतं. 19 डिसेंबरला ती सवलत लंडन आणि आसपासच्या भागासाठी रद्द झाली, उरलेल्या इंग्लंडसाठी एका दिवसावर आली. 4 जानेवारीला तिसरी टाळेबंदी जाहीर झाली. 20 जानेवारीला ब्रिटनमध्ये एकाच दिवसात 1,820 मृत्यू नोंदवले गेले आणि 26 तारखेला एकूण आकडा 1 लाखाच्या पुढे गेला.

याच काळात, 8 डिसेंबरला, कॉव्हेन्ट्रीच्या रुग्णालयात मार्गारेट कीनन या 90 वर्षांच्या बाईंना चाचण्यांबाहेरची पहिली लस टोचली गेली होती. सुटका दिसायला लागली आणि त्याच वेळी मृत्यू वाढत गेले. माझ्या रुग्णांना याचा फार त्रास झाला. वाट पाहायचा शेवट दिसत असताना वाट पाहणं अधिक अवघड होतं, हे मी त्या दोन महिन्यांत पुन्हा पुन्हा ऐकलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीनुसार साथीपूर्वी दहातल्या एका प्रौढात नैराश्याची लक्षणं दिसत. 2021 च्या पहिल्या तिमाहीत ते प्रमाण 21 टक्के झालं. 16 ते 29 वयाच्या मुलींमध्ये आणि स्त्रियांमध्ये ते 43 टक्के होतं. वृद्धांची काळजी सगळ्यांनी केली, आणि ती करायलाच हवी होती. पण एका खोलीत लॅपटॉपसमोर वीस वर्षांची मुलगी खचत होती तिकडे फार उशिरा लक्ष गेलं.

आता थोडं उजेडाबद्दल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवस साधारण अकरा तासांचा असतो. उत्तर इंग्लंडमधल्या लीड्समध्ये तो साडेसात तासांचा. डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो, आणि मधल्या वेळात बहुतेक दिवस ढगांआडच असतो. आपल्या दृष्टिपटलात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य बाळगणाऱ्या या पेशींचा शोध या शतकाच्या सुरुवातीला पक्का झाला. त्या चित्र दाखवत नाहीत. बाहेर उजेड किती आहे एवढीच खबर त्या मेंदूतल्या जैविक घड्याळाला देतात. हे घड्याळ बहुतेकांमध्ये चोवीस तासांहून थोडं जास्त लांबीचं असतं. सकाळच्या उजेडाने ते रोज जुळवून घेतलं जातं. उजेड मिळाला नाही तर ते जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखं रोज काही मिनिटं मागे पडतं. झोप रात्री उशिरा लागते, सकाळ जड जाते, भूक भलत्या वेळी लागते, आणि आठ-पंधरा दिवसांत माणूस म्हणतो, काय झालंय कळत नाही, पण मी माझ्यात नाही.

घरातला उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, कारण डोळे फार लवकर सरावतात. लक्स या उजेडाच्या एककात मोजलं तर दिवाणखान्यात रात्रीच्या दिव्याखाली 100 ते 300 लक्स भरतात. हिवाळ्यातल्या मळभ आलेल्या दुपारीही घराबाहेर हजारांत लक्स असतात. म्हणजे ज्या करड्या आभाळाला आपण 'आज काही उजेडच नाही' म्हणतो, ते घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी उजळ असतं. टाळेबंदीने नोकरीवर जाण्याचा रस्ता काढून घेतला, तेव्हा बसथांब्यापर्यंतच्या त्या दहा मिनिटांच्या उजेडालाही माणूस मुकला. अंथरुणातून उठून स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत गेलं की ऑफिस सुरू.

नॉर्मन रोझेन्थाल हे मनोविकारतज्ज्ञ 1976 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आले. हिवाळ्यात आपला जोम ओसरतो, वसंतात परत येतो, हे त्यांना स्वतःमध्ये जाणवलं. पुढे सहकाऱ्यांबरोबर 1984 मध्ये त्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तीव्र प्रकाशाचा उपचार करून पाहिला. आज साधारण 10,000 लक्सचा दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवायला सांगतात. ज्यांना उन्माद आणि नैराश्य असे आळीपाळीने झटके येतात, किंवा ज्यांच्या डोळ्यांना आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नये. त्याने काहींना उन्मादाचा झटका येऊ शकतो.

व्हरमाँट विद्यापीठातल्या केली रोहन यांचा एक अभ्यास मला या दिव्याहून महत्त्वाचा वाटतो. त्यांनी रुग्णांच्या एका गटाला प्रकाशोपचार दिला, तर दुसऱ्या गटाला विचार आणि वागणूक यांवर काम करणारी मानसोपचार पद्धत शिकवली. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही गट सारखेच सुधारले. मग त्यांनी पुढच्या हिवाळ्यांपर्यंत पाठपुरावा केला. दुसऱ्या हिवाळ्यात प्रकाशोपचारवाल्यांपैकी सुमारे 46 टक्क्यांना नैराश्य परतलं, मानसोपचारवाल्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांना. दिवा रोज लावावा लागतो आणि माणसं तो लावायचं सोडून देतात. शिकलेली गोष्ट सोबत राहते.

साथीच्या त्या हिवाळ्यात माझं एक मत पक्कं झालं, आणि आज तेच सांगायला मी इथे आलो आहे. मन थेट हाताला लागत नाही, दिवस लागतो. 'सकारात्मक विचार कर' असं कोणी सांगितलं की खचलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक न जमलेलं काम चढतं. त्याऐवजी उठण्याची वेळ, बाहेरचा उजेड, एक माणूस आणि हातातलं एक काम, एवढं दिवसात बसवून द्यावं. मनाला सावरायला तिथून जागा मिळते.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एक काकू ऑक्टोबरमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आल्या. नोव्हेंबरच्या मध्याला बाळ झालं. परतीचं तिकीट डिसेंबरअखेरचं होतं. ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार सापडल्यामुळे भारताने 22 डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून तिकडची विमानं बंद केली. सुरुवातीला ही बंदी 31 पर्यंत होती, नंतर 7 जानेवारीपर्यंत वाढली. गावी काका एकटे होते. माझी रुग्ण खरं तर लेक होती, प्रसूतीनंतरच्या नैराश्याची. फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "डॉक्टर, माझं राहू द्या, आईकडे बघा. ती दिवसदिवस बोलत नाही."

मी काकूंना विचारलं, किती वाजता उठता? म्हणाल्या, "गावाला पाचला उठते. इथं पाचला उठून करायचं काय? साडेआठपर्यंत काळोख. मग पडूनच राहते. पडलं की काय काय मनात येतं." तीन-साडेतीनला जाग यायची आणि काकांचं काही बरंवाईट झालं तर आपण पोचणार नाही, हा एकच विचार चालायचा. बाहेर जाता का, विचारलं तर म्हणाल्या, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीला आणि बाळाला बाहेर काढायचं नाही, आणि त्यांना सोडून मी कशी जाऊ?

घरी येणाऱ्या इंग्रज नर्सबाई बाळाला गुंडाळून फिरायला न्या म्हणत होत्या. काकूंना ते वेडेपण वाटत होतं. मी मध्ये पडलो नाही. सव्वा महिना हा बाळंतिणीच्या विश्रांतीचा काळ आहे, त्याला तडा देऊन मला काही मिळणार नव्हतं. आम्ही एवढंच ठरवलं: बाळंतिणीची खुर्ची दक्षिणेच्या खिडकीशी हलवायची आणि पडदे दिवसभर उघडे ठेवायचे. काकूंनी जावयाचा जाड कोट घालून रोज नऊ वाजता त्याच्याबरोबर कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जाऊन यायचं, पाऊस असला तरी. परत आल्यावर दहाला काकांना फोन. तेव्हा इकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, काकांचा चहा चाललेला असतो. रात्री फोन करायचा नाही, कारण रात्रीच्या फोनवर दोघंही एकमेकांना घाबरवत.

2 डिसेंबरपासून इंग्लंडमध्ये वर्षाच्या आतलं मूल असलेल्या घराला आणखी एका घराशी जोडून घ्यायची मुभा मिळाली होती. तिला तिथे सपोर्ट बबल म्हणत. दोन गल्ल्या पलीकडे एक नागपूरकर कुटुंब होतं, त्यांच्याशी यांनी जोडून घेतलं. तिथल्या वहिनी शनिवारी येऊन बसू लागल्या आणि काकूंनी त्यांना डिंकाचे लाडू वळायला शिकवले. दहा-बारा दिवसांत काकू पहाटे पाचपर्यंत झोपू लागल्या. त्यांची काळजी गेली नव्हती, ती जाण्यासारखी नव्हतीही. विमानं 8 जानेवारीला सुरू झाली आणि त्या महिन्यात त्या परत गेल्या. लेकीला मात्र औषध लागलं आणि ते पुढे कित्येक महिने घ्यावं लागलं. हे मुद्दाम सांगतो, कारण फिरणं आणि लाडू वळणं सगळ्यांना पुरतं असा समज मला तुमच्या मनात ठेवायचा नाही.

मी जे केलं त्यात माझं असं काही नव्हतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत पीटर लेविन्सन यांनी मांडलेल्या विचारावर उभी असलेली ही पद्धत आहे. नैराश्यात माणूस एकेक करत गोष्टी सोडतो. त्या सुटल्या की बरं वाटण्याची कारणं कमी होतात आणि तो आणखी सोडतो. म्हणून इच्छा होण्याची वाट न बघता कृती आधी ठेवायची, तीही जमेल एवढी लहान. आपल्या शेजारी, गोव्यात, 'संगत' या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांबरोबर या पद्धतीची मोठी चाचणी केली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले सुमारे 500 लोक त्यात होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के. दोन्हींत फरक किती, ते पाहा. हे काम दवाखान्याच्या व्हरांड्यात, आपल्यासारख्याच माणसांनी केलेलं आहे.

आता थोडं वृत्तीबद्दल. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तिथे राहून कॅरी लाइबोविट्झ या अमेरिकन संशोधक स्त्रीने लोकांच्या हिवाळ्याकडे बघण्याच्या वृत्तीचा अभ्यास केला. हिवाळा उपभोगायचा ऋतू मानणारे लोक अधिक समाधानी दिसले. त्या साथीच्या हिवाळ्यात इंग्रजी वृत्तपत्रांनी हे फार उचलून धरलं. मला ते आवडतं, पण बेताने. ज्याच्या घरात हीटर लावायला पैसे नाहीत त्याला वृत्ती बदला म्हणू नये.

दिवस बसवणं ज्यांच्या हातात नव्हतं अशी माणसंही पुष्कळ होती. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेचा दिवस कोणी बसवायचा? अंधारात कामावर जायचं, बिनखिडकीच्या विभागात बारा तास काढायचे, अंधारात परतायचं. इंग्लंडमधल्या नऊ अतिदक्षता विभागांतल्या 709 कर्मचाऱ्यांची पाहणी पहिल्या लाटेनंतर झाली होती. 45 टक्के जणांमध्ये तीव्र नैराश्य, तीव्र चिंता, आघातानंतरचा ताण किंवा दारूची समस्या यांपैकी किमान एकाची चिन्हं होती. ही माणसं त्याच अवस्थेत दुसऱ्या लाटेला सामोरी गेली. त्यांच्यात भारतातून गेलेल्या परिचारिका आणि डॉक्टर मोठ्या संख्येने होते. त्यांना ध्यान शिकवणारे ऑनलाइन वर्ग देण्यात आले. माझ्या अनुभवात त्यांना त्याहून उपयोगी पडलं ते रात्रपाळीत मिळालेलं गरम जेवण, दार लावून रडता येईल अशी एक खोली, आणि पाळी संपल्यावर पाच मिनिटं थांबून 'आज कसं गेलं' विचारणारी वरिष्ठ परिचारिका. तीन सलग रात्रपाळ्यांनंतर दोन दिवस सुट्टी देणं हाही मानसोपचार आहे, आणि तो वेळापत्रक लिहिणाऱ्याच्या हातात असतो.

विद्यार्थ्यांचं तसंच झालं. सांगली, जळगाव, नांदेडहून कर्ज काढून गेलेली मुलं एका खोलीत बसून, जे वर्ग त्यांनी घरी बसूनही ऐकले असते, ते ऐकत होती. घरी फोनवर 'मजेत आहे' म्हणत होती. कर्जामुळे परत फिरता येत नव्हतं. त्यांना मी पहिली गोष्ट सांगायचो ती चालण्याची. नियमांत एक पळवाट नव्हे, चांगली वाट होती: व्यायामासाठी दुसऱ्या घरातल्या एका व्यक्तीबरोबर बाहेर चालायला परवानगी होती. एका व्यक्तीबरोबर रोज चालायचं. खोलीत समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते शेजारी चालताना बोललं जातं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. दुसरी गोष्ट बातम्यांची. दिवसातून एकदा, दुपारी, ठरलेल्या वेळी. झोपण्यापूर्वी मृत्यूंचे आकडे बघायचे नाहीत. तिसरी गोष्ट दारूची, आणि ती सांगताना मी कडक होत असे. 2020 मध्ये ब्रिटनमध्ये थेट दारूमुळे 8,974 मृत्यू झाले, आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ 19 टक्क्यांनी जास्त. संध्याकाळ चारलाच सुरू होत असेल तर पहिला पेलाही लवकर भरला जातो.

दुःखाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. त्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये अंत्यविधीला जास्तीत जास्त तीस जणांना परवानगी होती. बर्मिंगहॅमच्या स्वयंपाकघरात फोन उभा करून ठेवून मुलांनी कोल्हापुरात आईला दिलेला अग्नी पाहिला. फोन बंद झाल्यावर करायचं काय, हे त्यांना कळेना. दहावं नाही, कोणी भेटायला येणं नाही, सकाळी नऊला ऑफिसची मीटिंग. अशा माणसांना मी नैराश्याचे रुग्ण म्हणून नोंदवायला कचरत असे. त्यांच्या शोकाला जागा मिळालेली नव्हती, ती आधी द्यायला हवी होती. तेरा दिवस ठरलेल्या वेळी फोनवर एकत्र बसणं, आईचं आवडतं जेवण करून एका शेजाऱ्याच्या दारात ठेवणं, वर्षश्राद्धाला गावी जायचं तिकीट काढून ठेवणं, असे मार्ग लोकांनी स्वतःच काढले. मी ऐकत होतो.

साथ आली की आत्महत्या वाढणारच, असं त्या काळात सर्रास बोललं गेलं. 21 देशांच्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासात साथीच्या पहिल्या काही महिन्यांत तशी वाढ दिसली नाही. जपानमध्ये मात्र 2020 च्या उत्तरार्धात आत्महत्या वाढल्या, विशेषतः स्त्रियांमध्ये. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारने एकाकीपणासाठी स्वतंत्र मंत्री नेमला. ब्रिटनने ते पद 2018 मध्येच निर्माण केलं होतं. म्हणजे आत्महत्यांची वाढ अटळ नसते. कोणाचं काम गेलं, कोणाला मदत पोचली, कोण घरात मार खात अडकलं, यावर ती ठरते.

आपल्याकडे साडेसात तासांचा दिवस नाही. पण निमहॅन्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण 70 ते 92 टक्के आढळलं होतं. पुढची साथ कधी येईल यावर आपला ताबा नाही, त्या वेळी गोव्यासारखे प्रशिक्षित समुपदेशक आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात असतील की नाही यावर आहे. ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे रस्ता आणि पाणी मागतो त्याच आवाजात केली पाहिजे.

तोवर एवढं लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीत रस उरला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर ते डॉक्टरांकडे नेण्यासारखं आहे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी बोला. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं. फोन आजारी माणसानेच करावा असं नाही. ज्याला घरातल्या किंवा शेजारच्या कोणाची काळजी वाटते, त्यानेही करावा.